वास येतो म्हणून धुऊ नका: बीव्ही (योनिमार्गातल्या जिवाणूंचा बिघडलेला तोल) ओळखण्यापासून ती पुन्हा न होऊ देण्यापर्यंत

लॅबच्या खिडकीशी आलेली बाई आधी मागं वळून बघते, मग चिठ्ठी पुढं सरकवते आणि आवाज खाली आणून म्हणते, "मॅडम, ते पांढऱ्याचं तपासायचंय." नाशिकमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडी बघण्यात माझी वीसेक वर्षं गेली. कॉलेज रोडवरच्या बँकेतली बाई असो, नाहीतर द्राक्षबागेतल्या थिनिंगची, म्हणजे घडातले मणी विरळ करायची, एक दिवसाची मजुरी बुडवून दिंडोरीकडून आलेली, आवाज तेवढाच खाली येतो. पुढचं वाक्यही बहुतेकदा ठरलेलं असतं: "मी तर रोज दोनदा साबण लावून धुते हो, तरी वास जात नाही."

त्या 'तरी'च्या जागी बऱ्याचदा 'म्हणून' असायला हवं. कसं, ते समजलं की निम्मं काम झालं.

आत काय बिघडतं

घरात विरजण लावणाऱ्या बाईला हे समजावणं सोपं आहे. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूंचं राज्य असतं. दह्यातल्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. जर्मन डॉक्टर डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून जुने डॉक्टर अजूनही त्यांना डोडरलाइनचे जिवाणू म्हणतात. हे लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतला भाग दह्याइतका, किंबहुना त्याहून किंचित जास्त आंबट ठेवतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. त्या भाषेत ३.८ ते ४.५. या आंबटपणात बाकीच्या जंतूंना डोकं वर काढता येत नाही.

काही कारणानं हे विरजण बिघडलं, लॅक्टोबॅसिलस कमी झाले, की गार्डनेरेला, प्रिव्होटेला आणि त्यांचे सोबती झपाट्यानं वाढतात. यातले बरेच जण आधीपासूनच थोड्या संख्येनं आत असतात. तोल गेला की त्यांचं फावतं. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, थोडक्यात बीव्ही. वाढलेले जंतू अमाइन नावाची रसायनं सोडतात आणि वास येतो तो त्यांचाच. वीर्य आणि पाळीचं रक्त दोन्ही आंबट नसतात. त्यामुळं संबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत ही अमाइन जास्त उडतात आणि वास एकदम उग्र होतो. "नेमकं तेव्हाच का येतो?" असं विचारणाऱ्या बायकांना उत्तर इथं आहे.

आता साबण. अंगाचा साबण आंबटाच्या अगदी उलट, पीएच ९-१० च्या घरातला. तो आत गेला की उरलंसुरलं विरजणही फाटतं. वास वाढला की बाई आणखी धुते, धुतलं की वास आणखी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार प्रजननवयातल्या २३ ते २९ टक्के स्त्रियांमध्ये बीव्ही आढळते. म्हणजे तुमच्या भिशीत बारा जणी असतील तर तिघींना ती असू शकते. त्यातल्या निम्म्यांना तर काहीच जाणवत नाही. हा अस्वच्छ बाईचा आजार नाही. 'बाहेरख्याली'चा पुरावाही नाही, हे सासूबाईंनी वाचलं तर बरं. संबंधांशी त्याचं नातं आहे, त्याबद्दल पुढं सांगते.

पाणी, दही की फेस

आधी एक गैरसमज बाजूला काढू. अंगावरून पांढरं जाणं हा मुळात आजार नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं, पाळीआधी थोडं घट्ट, असं दर महिन्याला जातंच. त्यानं हाडं झिजत नाहीत, कंबर खचत नाही. थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. दोष बहुतेकदा तिथं सापडतो.

बीव्हीचा स्राव पातळ असतो, राखाडी-पांढरा, पाण्यात थोडं दूध टाकावं तसा. वास सुकटीच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. खाज नसते किंवा अगदी किरकोळ, लाली-सूज नाही, दुखत नाही.

खाजेनं जीव नकोसा झाला असेल, स्राव दह्याच्या गाठींसारखा किंवा पनीरच्या चुऱ्यासारखा असेल आणि वास फारसा नसेल, तर ती बहुतेक कॅन्डिडा ही बुरशी. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव आणि जळजळ असेल तर ट्रायकोमोनास, जो लैंगिक संबंधांतूनच पसरतो. त्यात जोडीदाराचाही उपचार करावाच लागतो. आणि पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईला कोरडेपणा, जळजळ आणि पिवळसर स्राव असेल तर हार्मोन कमी झाल्याचा परिणाम असू शकतो, त्याचं औषधच वेगळं.

एवढं वाचून स्वतःच निदान करून मोकळं व्हायचा मोह होईल. मलाही झाला होता. स्लाइडी बघणारी मी, तरी एकदा दुकानातून बुरशीचं औषध आणून आठवडाभर वापरलं. वास होता तसाच. शेवटी माझी स्लाइड सहकारी मैत्रिणीनं बघितली आणि काही न बोलता नुसती खुर्ची सोडून मला बघायला बसवलं.

तपासणीच्या आधीचे दोन दिवस

पाळी चालू असताना तपासायला जाऊ नका. रक्तामुळं पीएच चुकीचा येतो. रक्तस्राव थांबल्यावर जा. आधी दोन दिवस आत कुठलंही क्रीम, गोळी, जेल नको. एक दिवस संबंध नको. आणि जाताना "डॉक्टर काय म्हणतील" म्हणून आत धुऊन जाऊ नका. आम्हाला जे बघायचं असतं तेच तुम्ही नळाखाली वाहून टाकता. नेहमीसारखी आंघोळ पुरे.

कुठं जायचं? स्वतःच्या स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर उत्तम. नसतील तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. महापालिकेचं नाशिक रोडला बिटको आणि कथड्याला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. सरकारी जिल्हा रुग्णालयात अशा संसर्गांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. केसपेपर काढताना रांगेत सगळ्यांदेखत आजार सांगायची गरज नाही, "सुरक्षा क्लिनिकला जायचंय" एवढं पुरतं. तिथं समुपदेशक असतात, औषध मोफत असतं. घरातून निघायलाच धीर होत नसेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे. नाव न सांगता विचारता येतं.

लग्न न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट. "लग्न झालंय का?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांना बहुधा "संबंध आले आहेत का?" हे विचारायचं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवंय त्याचंच खरं उत्तर द्या. आई सोबत असेल तर तिला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा, असं डॉक्टरांना म्हणू शकता. संबंध आलेलेच नसतील तर आतलं उपकरण घालायची गरज नसते, कापसाच्या बारीक काडीनं नमुना घेता येतो.

स्लाइडवर

नमुना आला की पहिलं काम पीएचचं. काडीवरचा स्राव कागदाच्या पट्टीवर टेकवायचा. पिवळी राहिली तर आंबट, म्हणजे ठीक. हिरवट-निळसर व्हायला लागली की पीएच ४.५ च्या वर गेला. मग काचेवर एक थेंब सलाइन, एक थेंब दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. या दुसऱ्या थेंबात स्राव कालवला की बीव्ही असेल तर वास असा भसकन वर येतो की शेजारच्या टेबलावरचा मुलगा मान वळवतो. यालाच व्हिफ टेस्ट म्हणतात. यंत्र लागत नाही, नाक लागतं.

सलाइनची स्लाइड मात्र लगेच बघावी लागते. योनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी मोठ्या, चपट्या, कडा स्वच्छ, तळलेल्या पापडाच्या तुकड्यासारख्या दिसतात. निरोगी स्लाइडवर त्यांच्या आजूबाजूला लांबट काड्या विखुरलेल्या असतात, ते लॅक्टोबॅसिलस. बीव्हीत या काड्या गायब. त्याऐवजी पेशीवर बारीक रव्यासारखे जंतू इतके चिकटलेले असतात की पेशीची कड कुठं संपते ते कळत नाही, जणू पापडावर पिठी भुरभुरलीय. या 'क्लू सेल'. पातळ एकसारखा स्राव, ४.५ च्या वर पीएच, वास आणि वीस टक्क्यांहून जास्त क्लू सेल, या चारांपैकी तीन असल्या की बीव्ही. १९८३ पासून ॲमसेल यांच्या नावानं हे निकष चालत आले आहेत. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतूंना रंग देऊन बघितलं, तर त्यावरून नुजेंट स्कोअर काढतात: ० ते ३ ठीक, ४ ते ६ मधलं, ७ ते १० बीव्ही.

एक सल्ला, जो माझ्याच धंद्याच्या मुळावर येतो: फक्त बीव्हीसाठी 'कल्चर', म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, करू नका. गार्डनेरेला निरोगी बायकांतही सापडतो, त्यामुळं तो वाढला यावरून काही ठरत नाही. बरं, त्याच रिपोर्टमध्ये आतड्यातला एखादा जंतू निघतो आणि बाई पाच दिवस भलतंच महागडं अँटिबायोटिक घेते, त्यात उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. डॉक्टरांना विचारा: "वेट माउंट किंवा ग्रॅम स्टेन पुरेल का?" (वेट माउंट म्हणजे वरची ती सलाइनची स्लाइड.) पॅप स्मीअरही यासाठी नसतो, तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. तो वेगळा कराच.

औषध

सगळ्यात जुनं आणि भरवशाचं मेट्रोनिडाझोल. आपल्याकडं ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, सात दिवस. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात टाकू नका, हीच चूक सगळ्यात जास्त होते. तोंडाला कळकलेल्या ताकासारखी धातूची चव येते, मळमळतं, लघवी गडद होऊ शकते. घाबरायचं कारण नाही. दारू मात्र या दिवसांत आणि गोळ्या संपल्यावर दोन दिवस नको. नव्या अभ्यासांत त्याचा धोका पूर्वी वाटायचा तेवढा दिसलेला नाही, पण पोट आधीच ढवळत असताना प्रयोग कशाला? द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून सांगते, वाइनसुद्धा त्यात आली. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गोळी सोसत नसेल तर ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोल जेल रात्री आत, पाच दिवस. किंवा दोन टक्के क्लिंडामायसिन क्रीम, सात रात्री. क्रीम भरलेली नळी पाठीवर झोपून, गुडघे मोडून सावकाश आत सरकवायची आणि मग उठायचं नाही, म्हणून ते झोपतानाच. सकाळी थोडं बाहेर येतं. जुनी चड्डी किंवा पातळ पॅड वापरा. क्लिंडामायसिन क्रीममुळं कंडोमचं रबर कमकुवत होतं. उपचार चालू असताना आणि नंतर पाच दिवस कंडोमवर भरवसा ठेवू नका.

सेकनिडाझोल दोन ग्रॅम एकदाच घ्यायचं, हाही मार्ग आहे. सरकारी दवाखान्यात स्रावासाठी मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये सेकनिडाझोल आणि सोबत बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असतं. जिथं मायक्रोस्कोप नाही तिथल्या बाईला दोन्हीवर एकदम औषध मिळावं, असा त्यामागचा हिशेब. गावातल्या उपकेंद्रासाठी तो बरोबरच आहे. पण शहरात, दोन चौकांवर लॅब असताना, दुकानदारानं काउंटरवरून दिलेली तीन औषधांची एकत्र गोळी महिन्यामागून महिना आत ठेवत राहणं, याला माझा विरोध आहे. अंदाजानं एकदा मारलेला बाण ठीक. चौथ्यांदा मारताना तरी निशाण बघा.

त्रास गेला तर पुन्हा तपासणीची गरज नाही. आणि लक्षणं नसताना दुसऱ्याच कारणानं केलेल्या तपासणीत बीव्ही निघाली, तर प्रत्येकीला औषध लागतंच असं नाही. गरोदर नसाल आणि गर्भाशयाचं ऑपरेशन वगैरे ठरलेलं नसेल, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायलाही सांगू शकतात.

गरोदरपणात मात्र वास, स्राव असेल तर लपवू नका. बीव्हीमुळं दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. मेट्रोनिडाझोल गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. टिनिडाझोल टाळतात, आणि फ्लुकोनाझोल असलेलं ते हिरवं किट गरोदर बाईनं परस्पर घ्यायचं नाही.

परत येते तेव्हा

इथं बायका खचतात. औषध घेतलं, बरं वाटलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच वास. वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना ती परत होते, त्यामुळं तुमच्यात काही वेगळं वाईट आहे असं मनाला लावून घेऊ नका. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर हे जंतू आतल्या अस्तरावर धरतात. औषध वरचे जंतू मारतं, थर पुरता निघत नाही.

वारंवार होत असेल तर डॉक्टर पूर्ण कोर्सनंतर मेट्रोनिडाझोल जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने देतात. बोरिक ॲसिडच्या आत ठेवायच्या कॅप्सूलही काही जणींना देतात. पण कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर घरी कॅप्सूलमध्ये भरायचा उद्योग करू नका. चुकून कुणी गिळली तर ते विष आहे, आणि गरोदरपणात वर्ज्य.

आणि नवरा. वर्षानुवर्षं उत्तर होतं: पुरुषाला औषध द्यायची गरज नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी हे उत्तर हलवलं. एकच जोडीदार असलेल्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. बारा आठवड्यांत बीव्ही परत आली ती ३५ टक्के बायकांना. फक्त बाईवर उपचार झाले त्या गटात ६३ टक्क्यांना. म्हणजे जंतूंची ये-जा दोघांत होते. तुमची बीव्ही पुन्हापुन्हा होत असेल तर हा विषय डॉक्टरांपुढं तुम्हीच काढा. घरी कसा काढायचा? मी बायकांना सांगते, "तुमच्यामुळं झालं" असं म्हणू नका, "दोघांनी सात दिवस औषध घ्यायचंय" म्हणा. त्या सात दिवसांत संबंध नकोत. नवरा गोळ्या घेईना तर निदान कंडोम; त्यानंही फरक पडतो.

रोजचं

बाहेरून साधं पाणी. आत बोट, पाइप, जेटचा फवारा काही नको. तुरटीचं पाणी, अँटिसेप्टिकचे थेंब, लिंबू, बाळंतिणीची धुरी, सुवासिक 'इंटिमेट वॉश', यातलं काहीच आत नको. दहीही नको! दह्यातले जिवाणू भाऊबंद असले तरी त्या घरात राहणारे नव्हेत. दही वाटीत घ्या, जेवणाबरोबर.

शौचानंतर पुढून मागं धुवा. चड्डी सुती, ओली राहिलेली बदला. पॅड भरलेलं नसलं तरी सहा तासांत बदला. कापड वापरत असाल तर स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. ते दोरीवर साडीखाली लपवलेलं ओलसर कापडच पुन्हा वापरलं जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बागेत काम करणाऱ्या बायकांना पॅड बदलायला आडोसाच नसतो. निफाड, दिंडोरीकडच्या बागायतदारांनी पाण्याचा ड्रम आणि चार बांबूंचा आडोसा एवढं केलं तरी फार झालं. औषध फवारायच्या टाकीला जितका खर्च येतो त्यापुढं हे काहीच नाही.

इतकं असेल तर वाट बघू नका

ओटीपोटात दुखणं आणि ताप. संबंधानंतर रक्त. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा डाग. बाहेर जखम किंवा फोड. गरोदरपणात पाण्यासारखं वाहणं. लहान मुलीला स्राव. यातलं काहीही बीव्ही समजून घरी सोसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि बीव्ही असताना एचआयव्ही व इतर लैंगिक संसर्ग लागण्याचा धोका वाढतो, म्हणून ती चाचणी डॉक्टरांनी सुचवली तर अपमान वाटून घेऊ नका.

वारंवार होणाऱ्यांसाठी शेवटचं एक काम. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतंच. दूध आलं नाही, सिलिंडर लावला, हे आपण त्यावर लिहितोच. पाळीच्या दिवसाला गोल करा, वास आला त्या दिवशी एक टिंब, औषध सुरू केलं तिथं बाण आणि संपलं तिथं फुली. कुणी पाहिलं तरी काही कळत नाही. चार महिन्यांच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. टिंबं पाळीच्या मागोमाग येतात, की नवरा बाहेरगावाहून आला त्या आठवड्यात, की फुलीनंतर बरोबर महिन्यानं, हे त्यांना तुमच्या सांगण्यापेक्षा त्या पानांवरून लवकर कळेल.